पोलीस राज्याचे, काम केंद्राचं

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

अमेरिकेत इमिग्रेशनवरून केंद्र आणि राज्यांची जी जुंपलीय त्याच्या बातम्या तुमच्या पेपरात सारख्या येतायत आणि त्या वाचून आमच्या गोल्फ क्लब मैदानाच्या जॉगिंग ट्रॅकवर सकाळी जे काही बोललं जातं ते ऐकून हे पत्र लिहायला बसलो. सूर एकच, की ट्रम्प बेकायदा लोकांना बाहेर काढतोय आणि कॅलिफोर्निया, इलिनॉय वगैरे राज्यं केंद्राचा कायदाच मानत नाहीत, सरळ बंड आहे हे, आपल्याकडे असतं तर एव्हाना राष्ट्रपती राजवट लागली असती. असं बोलणाऱ्यांतल्या बऱ्याच जणांची मुलं-सुना तिकडेच आहेत, कोणी एच-वन बीवर, कोणी शिकायला. म्हणजे ज्यांना हे नीट माहीत असायला हवं तेच व्हॉट्सॲपच्या फॉरवर्डवर चाललेत. मी महसूल खात्यातून रिटायर झालेला माणूस, केंद्राचं काम राज्याच्या माणसाकडून करून घ्यायचं म्हणजे काय प्रकार असतो ते टेबलाच्या अलीकडून बघितलंय, म्हणून दोन शब्द. लांबलं तर कापा, पण अ‍ॅरिझोनाचं तेवढं ठेवा.

बंड वगैरे काही नाहीये. परदेशी माणसाला देशात घ्यायचं का, किती दिवस ठेवायचं, काढायचं कसं, हे तिकडे सगळं केंद्राचं, राज्याने त्यात स्वतःचा कायदा घुसडायचा नाही, हे त्यांच्या सुप्रीम कोर्टाने कितीदा तरी सांगितलंय. पण त्याच कोर्टाने हेही सांगितलंय की हे काम केंद्राने स्वतःच्या माणसांकडून करायचं, राज्याच्या पोलिसाला 'जा, पकडून आण' असा हुकूम सोडायचा नाही. राज्याने खुशीने मदत केली तर ठीक, नाही केली तर जबरदस्ती नाही, आणि आडवं मात्र यायचं नाही. आपण यातलं पहिलं तेवढं धरून बसतो आणि दुसरं सोडून देतो. मदत न करणं कुठे संपतं आणि आडवं येणं कुठे सुरू होतं ह्याच्यावर तर तिकडची निम्मी कोर्टबाजी चालू आहे.

त्यांच्या घटनेत इमिग्रेशनबद्दल सरळ असं काही लिहिलेलं नाही, नागरिकत्व देण्याचे नियम काँग्रेस, म्हणजे त्यांची संसद, करेल एवढंच आहे. त्यामुळे सुरुवातीला कित्येक वर्षं न्यूयॉर्क, मॅसॅच्युसेट्स, कॅलिफोर्निया ही राज्यंच बंदरावर उतरणाऱ्यांचं बघायची, जहाजवाल्यांकडून पैसे घ्यायची, गरीब-आजारी माणूस दिसला की परत पाठवायची. मग १८७४ मध्ये चीनहून सॅन फ्रान्सिस्कोला एक जहाज आलं, त्यात वीसेक चिनी बायका होत्या. कॅलिफोर्निया राज्याचा कमिशनर जहाजावर चढला, बायकांकडे बघितलं आणि ठरवून टाकलं की ह्या वाईट चालीच्या आहेत, जहाजाने प्रत्येकीमागे ५०० डॉलर सोन्यात जामीन भरावा नाहीतर परत न्याव्या. नुसतं बघून हां. केस सुप्रीम कोर्टात गेली, १८७६ मध्ये निकाल लागला, आणि कोर्टाचं म्हणणं काय, तर अशा वागणुकीवरून उद्या परदेशी सरकार जाब विचारायला आलं तर ते कॅलिफोर्नियाच्या दारात जाणार नाही, अमेरिकेच्या दारात येणार, मग एका राज्याच्या एका कमिशनरने सगळ्या देशाला भांडणात ओढायचं का? तिथून राज्यांचा हात निघाला तो निघालाच. आता केंद्राने हातात घेतल्यावर काय दिवे लावले तर १८८२ मध्ये चिनी मजुरांना यायलाच बंदी घातली, त्यामुळे केंद्र शहाणं आणि राज्यं आडमुठी असंही कोणी समजू नये.

आता अ‍ॅरिझोना. २०१० मध्ये त्या राज्याने कायदा केला, एसबी १०७० म्हणून. म्हणणं असं की केंद्र काही करत नाही तर आम्ही करतो. परदेशी माणसाकडे नोंदणीचा कागद नसला तर तो राज्याचा गुन्हा, परवानगी नसताना काम मागितलं तर गुन्हा, देशाबाहेर काढण्याजोगा गुन्हा केलाय असं मानायला सबळ कारण दिसलं तर पोलिसाने वॉरंटशिवाय अटक करावी, आणि दुसऱ्या कुठल्या कारणाने थांबवलेल्या माणसाबद्दल शंका आली तर त्याचं स्टेटस तपासावं. ओबामा सरकार कोर्टात गेलं. जून २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टाने ह्यातली पहिली तीन कलमं उडवली आणि शेवटचं तेवढं ठेवलं. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती केनेडी हे रिपब्लिकन अध्यक्ष रेगनने नेमलेले, आणि त्यात एक वाक्य आहे जे ट्रॅकवर कोणालाच पटत नाही, की ज्याला देशाबाहेर काढता येतं असा माणूस नुसता देशात असणं हा सर्वसाधारणपणे फौजदारी गुन्हा नाही. चोरून बॉर्डर ओलांडणं गुन्हा आहे, पण व्हिसा संपून राहिला तर त्याला काढता येतं, ती प्रोसिजर वेगळी, जज वेगळे. आपल्याकडे उलट आहे, आपल्याकडे व्हिसा संपल्यावर राहिलं की गुन्हा दाखल. त्यामुळे आपल्या डोक्यात जे 'बेकायदा म्हणजे गुन्हेगार' बसलंय ते तिकडे जसंच्या तसं लागू होत नाही.

अ‍ॅरिझोनानंतर टेक्सास. डिसेंबर २०२३ मध्ये गव्हर्नर अ‍ॅबट यांनी कायद्यावर सही केली की बेकायदा बॉर्डर ओलांडणं हा टेक्सास राज्याचाही गुन्हा आणि राज्याचा जज त्या माणसाला मेक्सिकोला परत जायचा हुकूम देऊ शकतो. आता मेक्सिको टेक्सासचं ऐकून माणसं परत घेणार का, हा प्रश्न १८७६ च्या निकालातच आहे. त्या कायद्याला फेब्रुवारी २०२४ मध्ये स्थगिती, मग मार्चमध्ये सुप्रीम कोर्टाने एका दुपारी तो लागू होऊ दिला आणि त्याच रात्री खालच्या अपील कोर्टाने परत थांबवला, काही तासांचा संसार. त्याच्या आधी जानेवारीत ईगल पास गावात टेक्सासने नदीकाठचा एक पार्क ताब्यात घेऊन केंद्राच्या बॉर्डर पेट्रोलला आत येऊ दिलं नव्हतं. आता मला सांगा, आडवं येणं ह्याला म्हणायचं की कॅलिफोर्नियाने 'आमचे पोलीस देणार नाही' म्हणणं ह्याला? पण टेक्सासला आमच्या ट्रॅकवर बंडखोर म्हटलेलं मी अजून ऐकलेलं नाही.

आता 'आमचे पोलीस देणार नाही' हे आलं कुठून, तर ते फार जुनं आहे आणि चांगल्या कामातून आलंय. गुलामगिरीच्या काळात दक्षिणेतून पळून आलेल्या गुलामांना पकडून मालकाला परत द्यायचा केंद्राचा कायदा होता. पेनसिल्व्हेनियाने त्यात खोडा घालणारा कायदा केला, तो १८४२ मध्ये सुप्रीम कोर्टाने उडवला, केंद्राच्या कायद्याला राज्याने अडवायचं नाही म्हणून. पण त्याच निकालात हेही आलं की तो कायदा राबवायला राज्याच्या अधिकाऱ्यांवर सक्ती करता येणार नाही. लगेच उत्तरेतल्या राज्यांनी कायदे केले की आमचा जेलर, आमचा मॅजिस्ट्रेट ह्या कामाला हात लावणार नाही.

आणि नंतर हे तत्त्व पक्कं केलं कोणी? बंदूकवाल्यांनी! १९९३ मध्ये केंद्राने कायदा केला की कोणी पिस्तूल घ्यायला आला तर गावच्या शेरीफने, म्हणजे तिकडच्या काउंटीच्या (आपल्या जिल्ह्यासारखं) पोलीसप्रमुखाने, त्याची आधी चौकशी करावी. मोंटाना आणि अ‍ॅरिझोनाचे दोन शेरीफ कोर्टात गेले, आम्ही केंद्राचे नोकर नाही म्हणून, आणि १९९७ मध्ये सुप्रीम कोर्टाने ५-४ ने त्यांच्या बाजूने निकाल दिला, न्यायमूर्ती स्कालिया यांनी, जे कॉन्झर्व्हेटिव्ह लोकांचं दैवत. आज त्याच निकालाच्या जोरावर कॅलिफोर्नियाचा 'आमचे पोलीस देणार नाही' म्हणणारा २०१७ चा कायदा उभा आहे, केंद्राने त्याला आव्हान दिलं, अपील कोर्टाने २०१९ मध्ये कॅलिफोर्नियाच्या बाजूने निकाल दिला आणि २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने प्रकरण ऐकायलाच घेतलं नाही.

प्रत्यक्षात हे कसं चालतं ते बघा म्हणजे लक्षात येईल. समजा एखाद्याला दारू पिऊन गाडी चालवताना पकडलं. काउंटीच्या जेलमध्ये बोटांचे ठसे घेतले की ते एफबीआयकडे जातात आणि तिथून होमलँड सिक्युरिटीकडे (केंद्राचं अंतर्गत सुरक्षा खातं), आपोआप. हे सँक्च्युअरी म्हणवणाऱ्या, म्हणजे इमिग्रेशनच्या कामात केंद्राला मदत न करणाऱ्या, शहरातही होतं, त्यामुळे 'तिकडे लपता येतं' हा गैरसमज काढून टाका. तिकडून आयस, म्हणजे बेकायदा राहणाऱ्यांना पकडून बाहेर काढणारं, २००३ मध्ये काढलेलं केंद्राचं खातं, जेलला एक फॉर्म पाठवतं की ह्या माणसाला जामीन झाला तरी अजून ४८ तास धरून ठेवा, आम्ही येतो. त्याला डिटेनर म्हणतात. त्याच्यावर जजची सही नसते, आयसच्याच अधिकाऱ्याची असते. टेक्सासचा शेरीफ धरून ठेवतो. कॅलिफोर्नियाचा शेरीफ म्हणतो की जजची सही आणा, नाहीतर वेळ झाली की मी सोडणार, तुम्ही बाहेर पार्किंगमध्ये उभे राहा आणि पकडा, मी अडवत नाही. (गंभीर गुन्ह्यात शिक्षा झालेली असेल तर कॅलिफोर्नियाचा कायदाही आयसला कळवायची मुभा देतो, हे फॉरवर्डमध्ये कधी नसतं.)

शेरीफ एवढा कायद्यावर का बोट ठेवतो? कारण अंगाशी येतं. पेनसिल्व्हेनियात ॲलनटाउनला २००८ मध्ये एका माणसाला असंच डिटेनरवर तीन दिवस आत ठेवलं, जामिनाचे पैसे भरलेले असताना, आणि तो निघाला न्यू जर्सीत जन्मलेला अमेरिकन नागरिक. पाकिटात ड्रायव्हिंग लायसन्स, सोशल सिक्युरिटी कार्ड, सगळं होतं. काउंटी म्हणाली आम्हाला केंद्राने सांगितलं म्हणून ठेवला. अपील कोर्टाने २०१४ मध्ये सांगितलं की डिटेनर ही विनंती आहे, हुकूम नाही, तुम्ही ठेवला तर जबाबदारी तुमची. आता मी चौतीस वर्षं नोकरी सरकारी केलेली, 'वरून सांगितलं म्हणून केलं' ह्या वाक्याने किती लोक सुटतात आणि शेवटी कोणाचं सस्पेन्शन होतं ते मला माहितीये. तो निकाल वाचला आणि मला तर बरं वाटलं.

केंद्राकडे उपाय नाहीत असं नाही. १९९६ च्या कायद्यात २८७-जी नावाचं कलम आहे, त्याखाली शेरीफ आपणहून करार करून आपल्या माणसांना आयसचं ट्रेनिंग आणि अधिकार मिळवून देऊ शकतो, आणि २०२५ पासून असे करार धडाधड होतायत. निधी रोखायच्या धमक्या आहेत. जून २०२५ मध्ये तर लॉस एंजेलिसमध्ये गव्हर्नर न्यूसम नको म्हणत असताना त्याच्याच राज्याचे नॅशनल गार्ड (राज्याची राखीव फौज) ट्रम्पने केंद्राच्या हुकमतीखाली घेऊन रस्त्यावर उतरवले, वर मरीन्स पाठवले. अजून एक गोष्ट आपल्याकडच्यांच्या लक्षात येत नाही, की ही ढाल केंद्रापासून वाचवते, शहराला त्याच्याच राज्यापासून नाही. टेक्सासने २०१७ मध्येच कायदा करून टाकलाय की राज्यातल्या कुठल्याही शहराने आयसला मदत नाकारायची नाही, त्यामुळे ऑस्टिन, ह्यूस्टनच्या महापौराला कितीही वाटलं तरी त्याच्या हातात फार काही नाही.

आता आपलं. आपल्याकडे परदेशी नागरिक, पासपोर्ट, व्हिसा हे सगळं केंद्राच्या यादीत आणि पोलीस राज्याच्या यादीत, कागदावर चित्र तेच. पण आपण मध्ये भिंत ठेवलेलीच नाही. १९५८ मध्ये केंद्राने परदेशी माणसाला शोधायचे, धरायचे, बाहेर काढायचे अधिकार राज्य सरकारांकडे सोपवून टाकले. पासपोर्ट देणार परराष्ट्र खातं पण व्हेरिफिकेशनला घरी येणार तो अंबड नाहीतर सरकारवाडा पोलीस स्टेशनचा हवालदार. त्र्यंबकेश्वरला परदेशी पाहुणा लॉजवर उतरला की लॉजवाल्याने चोवीस तासांत त्याच्या माहितीचा फॉर्म भरायचा, आणि तो बघणारा जिल्ह्यातला अधिकारी म्हणजे राज्याचाच पोलीस अधिकारी. सिंहस्थात हे फॉर्म किती होतील आणि कोण बघेल देव जाणे. बांगलादेशी-रोहिंग्यांना जन्मदाखले दिल्याच्या आरोपाच्या मालेगाव प्रकरणात २०२५ च्या सुरुवातीला एसआयटी नेमली गेली ती राज्य सरकारने, म्हणजे परदेशी कोण हा प्रश्न केंद्राचा पण दाखला देणारा महसूलचा, तपास करणारा गृह खात्याचा, दोन्ही राज्याचे.

चुकतं तेव्हा काय होतं तेही बघितलंय आपण. जून २०२५ मध्ये मुंबईकडून पश्चिम बंगालचे काही मजूर बांगलादेशी समजून उचलले, सीमेपलीकडे ढकलले, आणि बंगाल सरकारने कागदपत्रं पुढे केल्यावर परत आणावे लागले, भारतीय होते. धरणारे एका राज्याचे पोलीस, ढकलणारं केंद्राचं दल, सोडवणारं दुसरं राज्य. ह्यात जबाबदार कोण हे मला अजून नीट समजलेलं नाही आणि कोणी सांगितलंही नाही.

आणि राष्ट्रपती राजवटवाल्यांना मिझोराम आठवत नाही का? २०२१ मध्ये म्यानमारमध्ये लष्कराने सत्ता घेतली, तिथले चिन जमातीचे लोक पळून मिझोराममध्ये यायला लागले. केंद्राच्या गृह खात्याने लिहिलं की थांबवा, परत पाठवा. मुख्यमंत्री झोरमथांगा यांनी पंतप्रधानांना पत्र लिहिलं की हे आमचे रक्ताचे लोक, आम्हाला डोळेझाक करता येणार नाही, आणि पुढे तीस हजारांच्या वर माणसं त्या एवढ्याशा राज्याने ठेवून घेतली. घटनेत ३६५ कलम आहे, केंद्राचा आदेश पाळला नाही तर काय करायचं ते लिहिलेलं आहे. कोणी वापरलं नाही. वर, झोरमथांगांचा पक्ष तेव्हा भाजपच्या आघाडीत होता.

मला ह्यात जे म्हणायचंय ते एवढंच की अधिकार कोणाचा हा प्रश्न आपण आपली बाजू बघून ठरवतो, आणि अमेरिकनही तेच करतात. २०१२ मध्ये डेमोक्रॅट म्हणत होते इमिग्रेशन केंद्राचं, राज्यांनी लुडबुड करू नये, आणि रिपब्लिकन राज्यांच्या हक्कांच्या गोष्टी करत होते. आज दोघांनी स्क्रिप्ट बदलून घेतलीय. आपल्या राज्याने ऑक्टोबर २०२० मध्ये सीबीआयला राज्यात तपास करायला दिलेली सरसकट परवानगी काढून घेतली तेव्हा ट्रॅकवरचे अर्धे लोक 'घटनेचा अपमान' म्हणत होते आणि अर्धे 'महाराष्ट्राचा स्वाभिमान', २०२२ मध्ये सरकार बदलल्यावर परवानगी परत दिली आणि मंडळी शांत. म्हणूनच कोर्टाने आखलेली ती रेघ मला पटते, कारण ती बंदूकवाल्या शेरीफलाही वाचवते आणि कॅलिफोर्नियालाही, आज कोणाचं राज्य आहे ते बघत नाही. बेकायदा घुसलेल्याला ठेवा असं मी म्हणत नाही, प्रत्येक देशाला आपलं दार सांभाळायचा हक्क आहेच. पण ज्याचा कायदा त्याने माणूस लावावा, पगार द्यावा आणि चुकलं तर कोर्टात उभं राहावं. गावच्या पोलिसाने चोऱ्या-अपघात बघावेत, ज्याला बघून परदेशी बाई तक्रार द्यायला घाबरेल असा पोलीस त्या गावाच्याही कामाचा नाही.

ज्यांची मुलं तिकडे आहेत त्यांच्यासाठी थोडं. कुठलं राज्य आणि कुठली काउंटी ह्याने फरक पडतो, पण आयस सगळीकडे येऊ शकतं, कॅलिफोर्नियातसुद्धा. सहा महिने नातवंडं सांभाळायला व्हिजिटर व्हिसावर जाणाऱ्या आजी-आजोबांनी पासपोर्टबरोबर आय-९४ ची, म्हणजे अमेरिकेत प्रवेश केल्याच्या नोंदीची, प्रिंट जवळ ठेवा. अठरा वर्षांच्या वरच्या परदेशी माणसाने नोंदणीचा कागद अंगावर बाळगायचा हा त्यांचा जुना केंद्रीय नियम आहे, कोणी विचारत नव्हतं, एप्रिल २०२५ पासून विचारायला लागलेत. अ‍ॅरिझोनाने हाच नियम राज्याचा गुन्हा करायचा प्रयत्न केला होता आणि तोच उडाला, पण केंद्राचा नियम जागेवर आहे. मुदतीच्या आत परत या. ५ फेब्रुवारी २०२५ ला अमृतसरला जे लष्करी विमान उतरलं त्यात हातकड्या-बेड्या घातलेले १०४ भारतीय होते, बहुतेक हरियाणा, गुजरात, पंजाबचे, पण तीन आपल्या महाराष्ट्राचेही होते.

आणि संपादक महोदय, तुम्हाला एक विनंती. 'अमेरिकन पोलिसांनी भारतीयाला पकडलं' अशी हेडलाइन देता तेव्हा पकडणारा आयसचा होता, बॉर्डर पेट्रोलचा होता, काउंटीच्या शेरीफचा होता की शहराचा, आणि राज्य कुठलं, एवढं पहिल्या दोन ओळींत द्या. एजन्सीच्या इंग्रजी बातमीत ते असतं, मराठीत येईपर्यंत गळून पडतं. तिकडे वकील कुठला करायचा, अर्ज कुठल्या जजपुढे करायचा, माणूस जामिनावर सुटणार की दुसऱ्या राज्यातल्या डिटेन्शन सेंटरला जाणार, हे सगळं त्याच्यावर ठरतं, आणि रात्री दोन वाजता इंदिरानगरमधून फोन फिरवत बसलेल्या आई-बापाला पहिलं तेच माहीत पाहिजे असतं.

आपला,
एक निवृत्त महसूल कर्मचारी
इंदिरानगर, नाशिक